व्याह्यांची अंगाई

पुण्यात गाणी लिहिणारे पुष्कळ झाले आणि पुढेही होतील. परंतु स्वतः लिहिलेले गाणे स्वतःच नापास करून त्यावर लाल रंगाचा ठिपका देणारा गृहस्थ या शहरात एकच झाला, आणि तो माझा व्याही आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो, कारण त्यांच्याविषयी अलीकडे बेजबाबदार विधाने फार होऊ लागली आहेत. त्यांच्या सोसायटीच्या स्मरणिकेत एका उत्साही सभासदाने त्यांना 'तीनशे गीतांचे जनक' म्हटले आहे. हे साफ खोटे आहे. त्यांनी गाणी लिहिली अकरा, आणि त्यांतली पास केली तीन. दुसरी कथा आमच्या विहीणबाईंची. ती त्या अमेरिकेत बसून, फोनवरून, निम्म्या पुण्याला सांगतात. त्यांच्या मते व्याह्यांच्या गाण्यांना दृष्ट लागली ती माझी. नातीसाठी लिहिलेल्या अंगाईला मी तोंडावर 'साधारण' म्हटले, आणि त्या धक्क्याने त्यांनी पुन्हा लेखणी धरली नाही. तो शब्द मी उच्चारला, हे मी नाकारीत नाही. तो का उच्चारला, हे मात्र विहीणबाईंना ठाऊक नाही आणि खुद्द व्याह्यांनाही नाही. आता ते सांगण्याची वेळ आली आहे.

व्याही पिंपरीकडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. यंत्रांचे सुटे भाग मोजायचे, केसाच्या जाडीएवढी चूक असली तरी त्या भागाला लाल ठिपका द्यायचा आणि तो बाजूच्या पेटीत टाकायचा, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षे केले. पुढे देशाने परदेशी मालासाठी दरवाजे उघडले, तेव्हा कारखान्याने त्याच दरवाजातून जुनी माणसे बाहेर काढली. योजनेचे नाव स्वेच्छानिवृत्ती होते. इच्छा कारखान्याची होती. निरोपाच्या दिवशी इतरांनी घड्याळे घेतली, यांनी लाल रंगाचा डबा मागून घेतला. बरोबरच्यांपैकी कोणी टेलिफोनचे बूथ काढले, कोणी शेअर बाजारात पडले. व्याही गाणी लिहू लागले. लग्नाच्या याद्या करायला आम्ही प्रथम त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने विचारले, "हा छंद कधीपासून?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "छंद नाही हो. व्याहीबुवा, साधा बोल्टसुद्धा तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. पाव वजन करून विकतात. गाणं तेवढं न तपासता बाजारात येतं. मग ते लोकांच्या घशात अडकतं, आणि लोकांना वाटतं, आपला घसाच वाईट."

त्यांच्या घरी प्रत्येक गाण्याचे एक जाड कार्ड असे. त्यावर डावीकडे ओळी, उजवीकडे दोष. दोष असे असत: 'जोडाक्षर वरच्या सुरावर. गाणाऱ्याच्या तोंडाला फेस येईल.' किंवा 'दीर्घ अक्षर लांबवायला जागा नाही. चाल शब्दाला चिमटा काढते.' एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवूनही ही दृष्टी मला नव्हती, हे मी मान्य करतो. मात्र ही दृष्टी घेऊन माणसाने जेवायला बसू नये. पंगतीत कोणी आग्रहाचे गाणे म्हणू लागले की व्याही भात कालवता कालवता थांबत आणि ओळ कोठे तुटते ते बोटांनी मोजत. नापास ओळीवर लाल ठिपका पडे. परंतु ती फेकून दिली जात नसे. ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जाई, कारण नापास मालातून काही दुरुस्त होण्यासारखे निघते का, हे महिन्याकाठी पाहायचेच, असा कारखान्याचा नियम होता. हे काम पलंगावर चाले.

"अहो, चादरीवर पुन्हा ठिपका पडलाय," असे विहीणबाई म्हणत.

"चादर नापास नाही. चुकून सांडलाय," असे उत्तर येई.

ओळ कागदावर पास झाली की तिची परीक्षा पर्वतीवर होई. व्याह्यांचे घर पायथ्याशीच होते. पहाटे सहाला ते ओळ गात पायऱ्या चढत, आणि एका श्वासात सात पायऱ्या झाल्या नाहीत तर ती ओळ गाणाऱ्याला दगा देणारी समजून तेथेच रद्द करीत. हे रद्द करणे ते मोठ्याने, छातीवर हात ठेवून, धापा टाकीत करीत असल्यामुळे रोज चढणाऱ्या मंडळींत एकदा घबराट उडाली. एका सेवानिवृत्त डॉक्टरांनी त्यांना बळेच पायरीवर बसवले, नाडी धरली आणि विचारले, "छातीत दुखतंय का?"

"छातीत नाही, तिसऱ्या ओळीत दुखतंय," व्याही म्हणाले. "तुम्ही मोजताच आहात, तर जरा अक्षरंही मोजा."

व्याह्यांना पर्वतीवर हृदयविकाराचा झटका आला होता, अशी जी वदंता आजही सहकारनगरात ऐकू येते, तिचे मूळ हे आहे. तो झटका नव्हता, यतिभंग होता.

आपली कला सुधारण्यासाठी त्यांनी काय केले नाही? कोणा विद्वानाच्या गीतलेखन वर्गाला ते रीतसर शुल्क भरून जाऊन बसले. विद्वान म्हणाले, "गाणं आतून आलं पाहिजे." यांनी हात वर केला. "आलं. आल्यावर ते तपासायचं कुणी?" पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःचा गृहपाठ लाल ठिपका देऊनच सादर केला, तेव्हा विद्वानांना करण्यासारखे काही उरले नाही आणि त्यांनी वर्ग लवकर सोडला. बुधवार पेठेतल्या एका मंडळाच्या मुलांनी श्रावणात त्यांच्याकडे मिरवणुकीसाठी गाणे मागितले, तर हे आठ दिवस निरनिराळ्या कर्ण्यांसमोर कानात बोटे घालून उभे राहिले. निष्कर्ष निघाला: "गर्दीत 'ई' आणि 'उ' चेंगरून मरतात. 'आ' तेवढा शेवटपर्यंत चालतो." मग त्यांनी 'आ'काराने भरलेले गाणे सिद्ध केले आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडपात नेऊन दिले. मुले मांडव सोडवीत होती.

"काका, बाप्पा काल गेले."

"पुढच्या वर्षी लवकर या, असं काल तुम्हीच ओरडत होतात ना? मग? माल वेळेआधी आलाय."

पुढच्या वर्षी ते गाणे मुलांनी खरोखरच म्हटले, आणि मी स्वतः लक्ष्मी रस्त्यावर उभा राहून ऐकले. दोन ढोलपथकांच्या मध्ये शब्द न् शब्द कळत होता. तीन पास गाण्यांतले हे एक.

आता माझ्या कथित अपराधाकडे येतो. प्रारंभी माझी समजूत अशी होती की, व्याही मला ओळी ऐकवतात ते माझ्या भाषाज्ञानाचा लाभ व्हावा म्हणून. एकदा त्यांनी चंद्रकोरीच्या होडीतून निद्रादेवी उतरते, अशा आशयाची एक ओळ म्हटली. मी उत्स्फूर्त दाद दिली. रूपक निर्दोष आहे, अनुप्रास सहज आहे, असे सविस्तर सांगितले. माझे बोलणे संपण्यापूर्वीच त्यांनी डब्यात कुंचला बुडवला आणि ओळीवर ठिपका दिला. मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. तेव्हा ते मला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेले.

"रागावू नका. कारखान्यात भोक तपासायला दोन खुंट्या असायच्या. एक आत गेलीच पाहिजे. दुसरी जाता कामा नये. दोन्ही लागतात. एकीवर भागत नाही."

"मग?"

"आमच्या कामाच्या मावशी ही पहिली खुंटी. त्यांना ओळ एकदा ऐकून म्हणता आली पाहिजे."

"आणि दुसरी?"

व्याही पर्वतीकडे पाहू लागले. "तुम्हाला आवडलं, म्हणजे त्यात शाळा शिरली, व्याहीबुवा."

कामाच्या मावशी शिवणे गावाहून येत, आणि समीक्षेचा हा अधिकार त्या सहज चालवीत. "लई लांब हाय हे, आजोबा," त्या मोरीतून सांगत, "पातेलं घासून होतंय, तरी तुमचं संपत नाय." त्यांचा हा एक शेरा ओळ दुरुस्तीला पाठवायला पुरेसा होता, आणि माझी अर्ध्या तासाची रसग्रहणे ओळ मारून टाकायला. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने त्या घराची पायरी पुन्हा चढली नसती. मी चढत राहिलो. एक तर सोयरीक होती. शिवाय चुकीचे का होईना, पण माझ्या मतावर कोणाच्या तरी घरी काही ठरत होते. आमच्या घरी तेही नव्हते. विहीणबाईंना मात्र गॅलरीतले हे संभाषण ऐकू गेले नव्हते. त्यांना एवढेच दिसे की मी येऊन गेलो की गाणे नापास होते. त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो कोणीही काढला असता. म्हणून तो बरोबर ठरत नाही.

दोन हजार साल उजाडताना जगातले संगणक बंद पडणार, अशी आवई उठली आणि ते चालू ठेवण्यासाठी आमचे चिरंजीव सूनबाईंसह अमेरिकेला गेले. संगणक काही बंद पडले नाहीत; चिरंजीव तेवढे परत आले नाहीत. तिकडे नात झाली. विहीणबाई बाळंतपणाला जाऊन आल्या. व्याह्यांनी मात्र जाहीर केले, "नातीकडे रिकाम्या हातानं जाणार नाही. अंगाई पास झाली की तिकीट." वरवर ही गोष्ट हौसेची दिसते. परंतु ज्या माणसाने सतरा शब्दांच्या मुखड्याला दीड वर्ष घेतले होते, त्याने हे म्हणणे म्हणजे काय, हे विहीणबाईंना तत्काळ कळले. नात पालथी पडली, तेव्हा अंगाईचे पहिले कार्ड भरले होते. ती चालू लागली, तेव्हा नववे. तिला दात आले, वाढदिवस झाले, ती तिकडच्या बालवाडीत जाऊन इंग्रजी बडबडगीते म्हणू लागली, आणि व्याही पर्वतीच्या पायऱ्यांवर धापा टाकीत राहिले. चांदणे नापास झाले, पाळण्याची दोरी नापास झाली, परीराणी तर दोनदा नापास झाली. परिणाम ठाऊक असूनही या सर्वांना मी दाद दिली होती, कारण आवडलेले नावडले म्हणणे मला जमत नसे, हे मी येथे खेदपूर्वक नमूद करतो.

त्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेला निघालो. आदल्या दिवशी सकाळी व्याह्यांचा फोन आला. गाणे तयार आहे, मावशी तीन दिवस आपण होऊन गुणगुणताहेत, कॅसेट भरून ठेवली आहे, दुसरी खुंटी तेवढी लावायची राहिली आहे, तरी यावे. मी गेलो. दार विहीणबाईंनी उघडले आणि चपला काढायच्या आतच मला अडवले.

"अहो व्याही, हात जोडते. पोर तीन वर्षांची झाली. यांच्यासाठी ती फोटोतच मोठी होतेय. आज तरी काही बोलू नका."

मी काही बोलणार नव्हतोच. मी आत जाऊन बसलो. व्याह्यांच्या एका हातात कार्ड होते, दुसऱ्या हातात रंगात बुडवलेला कुंचला. त्यांचा आवाज फाटका. परंतु त्या आवाजात ते गाऊ लागले:

झोप गं बाळे, दूध आले दारी,
तुझी गं रात, माझी न्याहारी.
जागतो आजा उन्हात बसून,
राखतो रात तुझी इथून.

मी आयुष्यभर मुलांना कविता शिकवल्या. कोठे टाळी घ्यायची, कोठे गहिवरायचे, हे मला पाठ होते. त्या सकाळी मात्र मी मान खाली घालून विजारीच्या गुडघ्यावरच्या सुरकुत्या मोजू लागलो. त्या चार ओळींत एकही उपमा नव्हती. दारात दुधाची पिशवी होती, समोर पोह्यांची बशी होती, आणि एक म्हातारा सकाळच्या उन्हात बसून पृथ्वीच्या पलीकडची रात्र राखत होता. व्याह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. कुंचल्याच्या टोकाशी रंगाचा थेंब जमत होता. मी 'वा' म्हटले असते, तर तो थेंब पडला असता. अंगाई बिस्किटांच्या डब्यात गेली असती, आणि तिकीट आणखी एका वर्षाने पुढे ढकलले गेले असते.

"साधारण आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे अलंकार नाही, कल्पना नाही. बाळाच्या गाण्यात न्याहारी काय, दूध काय! मी वर्गात घेतलं नसतं. साधारण आहे हो."

"नक्की?"

"अहो, एकतीस वर्षं मराठी शिकवलंय मी!"

व्याह्यांचा चेहरा असा काही उजळला की, इतकी वर्षे मी दाद देण्यात वाया घालवली, असे मला वाटले. त्यांनी कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला. स्वयंपाकघरात कपबशी जोरात आपटली आणि पाठोपाठ विहीणबाईंचा आवाज आला, "चहा टाकलाय. साखर नेहमीसारखी घालू, की तीही साधारणच चालेल?"

तरीही एक टप्पा उरला होता. कारखान्यात माल पास झाला तरी प्रत्यक्ष यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय रवाना करीत नसत. तेव्हा कॅसेट मी न्यायची, नातीला झोपवायचे आणि निकाल फोनवर कळवायचा. तोवर तिकीट नाही, असे ठरले. अमेरिकेत उन्हाळ्यात रात्रीच्या आठ वाजताही लख्ख ऊन असते, त्यामुळे पोर झोपायला तयार नव्हती. मी पडदे ओढले, कॅसेट लावली आणि खुर्चीत बसलो. नातीने विचारले, "हू इज दॅट?" मी म्हणालो, "तुझे दुसरे आजोबा." ती आवाजाकडे कान देऊन पडली, आणि तिसऱ्या ओळीला झोपली. आमचे चिरंजीव आजही म्हणतात की ती दिवसभर प्राणिसंग्रहालयात हिंडून थकली होती, कशानेही झोपली असती. चिरंजीव त्या वेळी तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रापाशी उभे होते. मी खोलीत होतो.

मग पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"झोपली?"

"झोपली!"

"कितव्या ओळीला?"

"तिसऱ्या," मी अभिमानाने सांगितले.

पलीकडे मग कागद चाळल्याचा आवाज. "म्हणजे चौथी जास्तीची आहे. जरूर नसलेला धातू भागावर ठेवायचा नसतो, व्याहीबुवा. काढतो. पण मग तिसरीचं यमक सुटतं. तीही बदलावी लागेल. पाहतो, दिवाळीपर्यंत—"

एका खऱ्या शब्दाने मी तीन वर्षे पुन्हा मागे नेली होती. मी आयुष्यात विद्यार्थ्याला अर्धा गुणही फुकट दिलेला नाही, हे माझे कोणीही विद्यार्थी सांगतील.

"थांबा, थांबा," मी म्हणालो. "चुकलो. चौथ्या. तिसरीला नुसती जांभई आली. चौथी संपता संपता डोळे मिटले."

"संपता संपता?"

"अगदी शेवटच्या अक्षराला."

"मग बरोबर मापात आहे," व्याही म्हणाले. नंतर त्यांचा आवाज वेगळाच आला. बहुधा त्यांनी फोन तोंडापासून दूर धरला असावा. "अगं, ऐकलंस का? पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे?"

त्यानंतर त्यांनी गाणे लिहिले नाही, हे खरे आहे. माझ्या शब्दाने ते खचले, हे खोटे आहे. ते नातीकडे गेले, तिला रोज झोपवू लागले आणि त्यांना दुसरे गाणे लागलेच नाही. पुढे दोघे तिकडेच राहिले. नात आता इतकी मोठी झाली आहे की तिला झोपवायला नव्हे, उठवायला गाणे लागते.

गेल्या वर्षापासून व्याह्यांना ऐकू येईनासे झाले आहे. रविवारी ते संगणकाच्या पडद्यावर दिसतात. मी काही बोललो की प्रसन्नपणे मान डोलावतात आणि आमच्या कात्रजला हल्ली थंडी किती आहे, असे विचारतात. खरे काय घडले ते मी त्यांना दोनदा सांगून पाहिले. दुसऱ्या वेळी जरा मोठ्याने सांगितले, तर विहीणबाई पडद्यात आल्या आणि म्हणाल्या, "आता तरी त्यांच्यावर ओरडू नका हो." निंदा ओरडून करता येते, कौतुक ओरडून केले की ते भांडणासारखे ऐकू येते. वाचायला मात्र व्याह्यांना अजून उत्तम येते, आणि पुण्याहून गेलेला मराठी मजकूर ते शेवटच्या अक्षरापर्यंत तपासतात. म्हणून हे सर्व लिहून पाठवीत आहे.

व्याहीबुवा, पोर तिसऱ्याच ओळीला झोपली होती. चौथी त्या खोलीत मी एकट्याने ऐकली, आणि कॅसेट संपल्यावरही कितीतरी वेळ मला खुर्चीतून उठता आले नाही.